नाकासमोर

तीन दिवस हिसानो म्हणत होती, गॅरेजात वास येतोय.
मी म्हटलं, येत नाही.
खरं तर म्हणायला हवं होतं, मला येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या तापानं सगळं नेलं,
बंदरावरचा वारा, साबण,
भाताचं झाकण काढल्यावर उठणारं ते काहीतरी.
मोहरीची झिणझिण तेवढी ठेवली.
मुरोरानमध्ये डुकराचं मांस काडीवर भाजतात, मोहरी लावून देतात,
म्हणून मी अजून जेवतो.

एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात नाकासमोर चाललो
आणि नाकच गेलं.
हे कुरोसेला सांगितलं तर तो हसला नाही.

गाडी सत्त्याऐंशीची. दोन दारं, बुटकी,
दिवे मिटून झोपणारी.
हिसानो तिला ‘तुझी ती’ म्हणते
आणि बावीस वर्षं तिच्यात बसलेली नाही.
भूशिराकडच्या रस्त्यावर, एका वळणावर,
मी तिला विचारलं होतं, भीती वाटते का?
ती हो म्हणाली.
मी वेग कमी केला नाही.

चौथ्या दिवशी तिनं काडेपेटी आणून बॉनेटवर ठेवली.
नसेल वास, तर पेटव.

मी बॅटरीची काळी तार सोडवली.

वरचं मॅनिफोल्ड निघायला दुपार गेली.
प्लास्टिकची एक जोडणी बिस्किटासारखी मोडली,
बोटांना आधी कळलं, मग कानांना.
खाली रेल, रेलखाली चार इंजेक्टर,
प्रत्येकाला वर एक रबरी कडं, खाली एक.
पहिलं कडं नखानं काढलं.
एका बाजूनं चपटं, कडक,
दोरीवर विसरलेल्या माकुळासारखं.
वाकवलं तर वाकलं नाही, तुटलं.
आणि त्याच्या बुडाशी ओला, चकचकीत डाग.
मी नाक टेकवलं. काही नाही.
जीभ लावायचा विचार आला, खोटं कशाला बोलू.

एवढ्याशा गोष्टीवर सगळं तोललेलं असतं:
पेट्रोल आत, आग आत,
आणि बाहेर आपण, खुशाल.

कुरोसेनं नवी कडी कागदी पाकिटात दिली,
आठ, आणि वर एक जास्तीचं.
एक तू पाडणारच, म्हणाला. पाडलं.
प्रत्येकाला स्वच्छ ऑइलचा थेंब लावला,
पीळ न देता सरळ खाली दाबलं,
मग इंजेक्टर दोन बोटांत धरून फिरवून पाहिला.
फिरला पाहिजे. अडला तर कडं आत दुमडलंय.
तिसरा अडला.
पुन्हा.

संध्याकाळी सगळं जोडून झालं नव्हतं,
पण रेल बसली होती,
म्हणून काळी तार परत लावली,
पिवळ्या कनेक्टरला वायरचा तुकडा लावून नुसता पंप चालवला
आणि घरात हाक मारली.

ती चपला बदलून आली, हात पुसत.
काही विचारलं नाही.
वाकली, केस एका हातानं मागे धरले,
पहिल्या इंजेक्टरशी नाक नेलं, मग दुसऱ्याशी.
तिसऱ्याशी जास्त वेळ थांबली.
पंप गुणगुणत होता.
एवढ्या वर्षांत कुणाच्या श्वासाकडे मी असं पाहिलं नसेल.

नाही, म्हणाली. काही नाही.

रविवारी मॅनिफोल्ड चढवलं.
बाहेर रस्त्याकडेचा बर्फ काळा होऊन बसला होता.
मी किल्ली घ्यायला गेलो, परत आलो,
तर हिसानो डावीकडच्या सीटवर, गुडघे जुळवून, पर्स मांडीवर.

इथे उंदीर होता, म्हणाली.
कधी?
हिवाळ्यात. आणि सिगारेट. तू सोडली म्हणाला होतास.
सोडली. म्हणजे, नंतर.

तिनं पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला.
मी म्हणेन तेव्हा हळू.
हो.
नुसतं हो नको म्हणू.

मी किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या खेपेला लागलं.
गियर न टाकता तिच्याकडे पाहत बसलो.
तिनं डोळे मिटले, श्वास आत घेतला,
आणि अजून घेत होती.