सोळा दातांची गाडी

गोळीबार चौकाच्या आत, बोळीच्या तोंडाशी,
हेडाऊंच्या गॅरेजात
बाबांची बुलेट लाकडी ठोकळ्यावर उभी आहे,
मागचं चाक काढलेलं,
चेन रॉकेलच्या घमेल्यात निजलेली.

मे महिना. दुपारचे अडीच.
पान्याला हात लावला की पाना चावतो.
गुणवंतराव पोत्यावर बसून दात मोजताहेत,
ओठातल्या ओठात, बोट न लावता,
त्यांचे वडील मागावर तारा मोजायचे तसे.

मग तीन स्पॉकेट मांडतात वर्तमानपत्रावर.
"हे सोळा. हे सतरा. हे अठरा.
मागचं अडतीसच राहीन, ते ड्रमातच ओतलेलं हाय.
आता तुमी सांगा ताई, जाता कुठं?"

जाते कुठं?
मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स, ऑफिस.
रविवारी जमलं तर काटोल रोडनं फेटरीपर्यंत.
एकदा अमरकंटक करायचंय, पण हे मी बोलत नाही.

"अठरा टाकलं त हायवेले मस्त, इंजन ओरडनार नाही,
पन सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसऱ्यात याल.
सोळा टाकलं त झाडावर चढन,
पन साठच्या वर गेली का बोंबलन.
अन् मागं कोन बसते?"

मागं डबा, मी म्हणते.
आणि एक जास्तीचं हेल्मेट, असू द्यावं म्हणून.

क्लच उघडून काढलेलं जुनं स्पॉकेट
त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.
दात झिजून एका बाजूला वाकलेले, मांजरीच्या नखांसारखे.
मोजले. पुन्हा मोजले.
सोळा.

आम्ही बाबांना हसायचो.
चाळीसच्या वर कधी गेले नाहीत.
वर्धा रोडवर सायकली सोडून सगळे पुढे जायचे,
उतारावर एकदा मामांची लुनासुद्धा.
आई म्हणायची, भागूबाई.
मी टाकीवर बसून मान खाली घालायचे,
वर्गातलं कुणी बघू नये.

"वीज मंडळात होते ना?"
कॅरिअरची वाकलेली पट्टी दाबून बघत गुणवंतराव.
"तारेचं भेंडोळं, शिडी, वरून एक हेल्पर.
हे सारं घेऊन कळमेश्वरच्या चिखलातून काढाची
त सोळाच पाहिजे. अठरावर क्लच जळून गेला असता."

म्हणजे गाडीच चाळीसची होती.

डाव्या पेटीत, पान्यांच्या खाली,
ग्रीसच्या चिंधीत एक स्पॉकेट सापडलं. कोरं.
अठरा दातांचं.
बिल नाही, तारीख नाही.
चिंधी आकाशी, माझ्या चौथीच्या फ्रॉकची.

"मंग हेच लावू?"
गुणवंतरावांनी ते उन्हात धरून फिरवलं.
लोखंड चांगलं होतं. कुणी आता असं करत नाही, म्हणाले.

सतरा लावा, मी म्हटलं.

"बेस. नव्वद कड्या अन् सतरा दात,
हरेक दाताले हरेक कडी भेटते.
अठरावर कसं, दर फेऱ्याले तोच दात, तीच कडी,
दोघंबी एकमेकाले खाऊन टाकतेत."
माझ्या घटस्फोटाच्या वेळी
हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. चेन चढली,
कुलूपकडीचं बंद तोंड धावण्याच्या दिशेला.
"बसा आता. वजनाबिगर तान समजत नाही."
मी बसले. ते वीतवीत गाडी पुढे ढकलत,
अंगठ्यानं चेन उचलून बघत,
तिची सगळ्यात ताठ जागा शोधत राहिले.
"इथं पाऊन इंच सैल. याहून कमी नको."

अठरा मी पुन्हा फ्रॉकात गुंडाळलं,
पेटीत, पान्यांच्या खाली.

पावतीवर त्यांनी लिहिलं, सतरा दात, नग एक.
नावाच्या जागी गाडीचा नंबर.