अर्धा सेकंद

राइमो केस्टी, वय छप्पन्न.
बर्फाचे बूट दाराशी काढून
मोज्यांवरच आला मुलाखतीला.
एका मोज्याला रफू, निळ्या दोऱ्याचं, नीटस.

औलूचा जानेवारी. तीनलाच काळोख.
प्रश्न मीच वाचून दाखवला, तिसऱ्या फेरीचा:
हे झाड उलटं करा,
डावी फांदी उजवीकडे, उजवी डावीकडे.
चाळीस मिनिटं.

त्यानं विचारलं, "कशासाठी उलटायचं?"
माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं.
म्हटलं, असंच. समजा.
"बरं, समजा," म्हणाला,
आणि परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं
तसा फळ्यासमोर उभा राहिला.

उलटलं त्यानं झाड.
एकेचाळिसाव्या मिनिटाला.
मी फॉर्ममध्ये लिहिलं: संथ.
रकान्यात तेवढीच जागा होती,
असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

लिफ्टपाशी वाकून बूट चढवताना म्हणाला,
"ही थांबल्यावर दार लगेच उघडत नाही.
अर्धा सेकंद घेते. लक्षात आलंय?
मीच लिहिलंय ते, अठ्ठ्याण्णव साली.
चाचणीला एक बाई यायच्या, कुबड्यांवर.
लिफ्ट थांबली की त्यांना सावरायला
तेवढा वेळ लागायचा."
मग नाडीची गाठ घट्ट केली,
आणि गेला खाली.

आज सकाळी
एका हातात कॉफी, खांद्यावर लॅपटॉप.
चौथा मजला.
दार उघडत नाही.
मी सत्तावीस वर्षांची, धडधाकट,
तरी पाय नीट रोवून उभी राहिले.

फॉर्म कालच गेला होता.