बद्द

कसबा बावड्याच्या कोर्टात मी साक्षी टाइप करतो.
अठरा वर्षं झाली.
माणूस बोलतो, साहेब सांगतात, मी उतरवतो.
एवढ्या अंतरात
'व्हय' चं 'होय, हे म्हणणे खरे आहे' होऊन जातं.

वडणग्याच्या गुऱ्हाळात चरकाचं फ्लायव्हील फुटलं.
एक तुकडा काहिलीत गेला,
दुसरा विजू तारळेकराच्या बरगड्यांत.
चाक आता मुद्देमाल नंबर तीन,
सुतळी, लाख, सही.

आधी पुण्याचे डॉक्टर रेवणकर आले.
बावीस पानांचा अहवाल, लोखंडाचा शंभरपट मोठा फोटो:
करड्या पाण्यावर काळी गवताची पाती हलावीत तसा.
म्हणाले, पोकळी आहे, पण मानकात बसते.
चाक फुटलं ते जादा वेगानं.
त्यांची वाक्यं मला आवडली.
पूर्णविरामासकट यायची.

मग बापूलाल शिकलगार.
उद्यमनगरात चाळीस वर्षं ओतकाम,
मनगटांवर ठिणग्यांची जुनी देवी.
पिंजऱ्यात शिरताना त्यांनी कठड्यावर बोट वाजवून बघितलं.
सागवान नव्हतं.

'शिक्षण?' आरोपीचे वकील नेर्लेकर उठले.
'सातवी.'
'पास?'
'परीक्षेदिवशी भट्टी लागली हुती.'
'लोखंड तपासता कशानं?'
'हातोडीनं. टांगायचं न् वाजवायचं.
चांगलं असलं की देवळातल्या घंटीगत लांब जातंय.
आत फोड असला की बद्द बोलतंय.'
'हरकत, साहेब. हे तज्ज्ञ नाहीत.'

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
'मत नको, शिकलगार. स्वतः अनुभवलंय तेवढंच सांगा.
हे चाक तुम्ही पाहिलं होतं?'
'बघितलं कसलं, मीच ओतलं.'

पंखा होता तसाच फिरत होता.
नेर्लेकरांचं पेन थांबलेलं मला दिसलं.

'वाळू वली हुती त्या दिवशी.
साचा मोडला, चाक टांगलं, वाजवलं.
मी ऐकलं, साहेब.'
'ऐकीव!' नेर्लेकर उभेच होते.
'ऐकीव पुरावा ग्राह्य नाही!'
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
साहेब नाही हसले.
'कुणाकडून ऐकलं?'
'चाकाकडनं.'

मग हलक्या आवाजात, खाली बघत,
मालकाला सांगितलं, म्हणाले.
मालक बोलला, रंग मार, गाडी उभी हाय.
'न् मी रंग मारला.
तेबी लिवा.'

मी लिहिलं.

शेवटी सील तोडून तुकडा मागवला.
शिपायानं तो सुतळीवर धरला.
म्हाताऱ्यानं खिशातून छोटी हातोडी काढली
(दारावर ती अडवली कशी नाही, देव जाणे)
आणि एकदाच मारली.
नेर्लेकर म्हणाले, फुटक्या तुकड्याचा आवाज
म्हणजे अख्ख्या चाकाचा आवाज नव्हे.
हे बरोबरच होतं.
शिकलगारही म्हणाले, 'बरोबर हाय त्यांचं.'

साहेब सांगू लागले:
'साक्षीदाराने मुद्देमाल क्रमांक तीन वाजवून दाखवला.
आवाज...'
आणि थांबले.
माझी बोटं कीबोर्डवर, कर्सर लुकलुकतोय.
कोल्हापुरात ज्याला त्याला ठाऊक असलेला शब्द
साहेब नागपूरचे, त्यांना सुचेना.
अठरा वर्षांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं.
'बद्द,' मी म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
'तुम्ही साक्षीदार नाही,' म्हणाले,
आणि सांगितलं: 'आवाज आला.'

आवाज आला. पूर्णविराम.
पुढची तारीख एकवीस.

जेवणाच्या सुट्टीत मुद्देमालाच्या खोलीजवळून गेलो.
दार उघडं, कारकून डबा खात होता.
तुकड्यावर मधल्या बोटाचं हाड हळूच आपटलं.
एकदा. मग जरा जोरात.

मला काही कळलं नाही.
बोट मात्र संध्याकाळपर्यंत
प्रत्येक 'ग्राह्य' टाइप करताना
ठणकत राहिलं.