आधी पृथ्वी वजा कर

राधोश्त डोंगरावरची बर्फ मोजणारी पेटी
दर तीन आठवड्यांनी मरायची.
कागदावर बॅटरी हिवाळाभर पुरत होती.
मेतोदेय, तिथला वनरक्षक, पाठीवरून नवी वर न्यायचा
आणि जुनी आमच्या टेबलावर आणून ठेवायचा,
नापास पोर मास्तरांपुढे उभं करावं तशी.
शिवाय म्हणायचा, पेटीवरचा बर्फ लवकर वितळतो.
आम्ही हसायचो.

कुठेतरी पाणी मुरत होतं.
पेटी झोपली की आत कोणीतरी जागं राहत होतं.

मी ब्लेड उचललं. मला एवढंच येत होतं:
तांब्याची वाट कापायची, मध्ये मीटर बसवायचा,
आकडा उतरवायचा, मग डाख लावून वाट सांधायची.
द्राहोमीरा मान वर न करता म्हणाली,
"तो चाललाय का हे विचारायला
तू त्याचा पाय कापणार?"

तिने खणातून पेन्सिलीसारखी काडी काढली,
टोकाला तांदळाच्या कणीएवढा संवेदक.
शिवायचं नाही. केसभर वर धरायचं.
तांब्यातून काही वाहत असेल
तर त्याच्याभोवती एक वेढा असतो,
तो वार्निशाला जुमानत नाही.

बोर्डाला अजून वीजच दिली नव्हती,
तरी पडद्यावर आकडा.
मी बिचकलो.
"ती पृथ्वी," द्राहोमीरा म्हणाली. "आधी पृथ्वी वजा कर."
बटण. शून्य.
मग माझी कात्री लांब गेली,
मग फोन, त्याच्या झाकणात चुंबक होतं म्हणून,
मग तिच्या चष्म्याचा डबा.
उरला बोर्ड,
आणि खिडकीत अर्धा खाल्लेला नासपतीचा फ्रगाल.

वीज दिली. काडी आडवी धरली तर काहीच नाही.
पाव फेरा फिरवली, आकडा आला.
उलटी केली, तोच आकडा, उणे चिन्ह लावून.
रुंद पट्टीवर कमी दिसायचा, अरुंद पट्टीवर जास्त.
"फसू नकोस. पुलाखाली बेच्वा अरुंद होते,
म्हणून काय पाणी वाढतं?
पट्टी मोज, मग बोल."

दुपार सरली. तीन फाटे कोरडे निघाले.
चौथ्यावर छत्तीस मिलिअँपिअर,
कोपऱ्यातल्या एका रोधकाकडे निघालेले.
हवे होते तेहतीस हजार ओहम. बसवले होते तीनशे तीस.
आराखडा उघडला. तिथेही तीनशे तीस.
खाली सही तिचीच, गेल्या ऑगस्टची,
सुट्टीला निघायच्या आदल्या दिवसाची.

काडी अजून तिच्या हातात, केसभर वर.
पडद्यावर आकडा थरथरू लागला.
प्रवाह तेवढाच होता.

"लिहून घे," ती म्हणाली. "नाव पण."

मार्चमध्ये मेतोदेयचा फोन आला.
बॅटरी ठणठणीत आहे.
पेटीवर बर्फ आता वीतभर साचतो.
अजून एक, म्हणाला, फार महत्त्वाचं नाही,
एक रामगंगा येऊन बसायची पेटीवर, पोट टेकून.
ती येत नाही हल्ली.

मी हसणार होतो.
द्राहोमीराने फोन माझ्या हातातून घेतला.
"किती वाजता यायची?" तिने विचारलं,
"आणि किती वेळ बसायची?"
आणि कागद पुढे ओढला.