तीन खुर्च्या, पौड फाटा

सकाळी सहा पंचवीसला शटर वर जातं
तेव्हा पायरीवर अकराजण आधीच बसलेले असतात,
रात्रीपासून उपाशी
आणि म्हणून थोडे रागावलेले.

रक्त काढायला साडेचार मिनिटं.
म्हातारं माणूस असेल तर शीर सापडेपर्यंत नऊ.
हे मी घड्याळ लावून मोजलंय,
पावत्यांच्या पाठीवर, आठवडाभर.

भडभडे सर एक तारखेला येतात,
काचेतून बघतात:
दहा चाळीसला नसीम नुसती बसलेली,
हातमोजे काढून, खाली अडकलेली पीएमटी बघत.
म्हणतात, तिघी कशाला? दोघींत भागेल.
सरासरी काढा, काळसेकर, सरासरी.

काढली, सर.
दोघींत भागतं. कागदावर तंतोतंत, बाकी शून्य.
पण माणसं सरासरीनं येत नाहीत.
पावणेसातला एक रिक्षा, तिच्यात चौघं,
मग वीस मिनिटं कुणीच नाही,
मग महात्मा सोसायटीचा अख्खा हास्यक्लब,
हसत आत, आणि टोकन बघून गप्प.

बाकी शून्य म्हणजे काय, ते सांगतो.
गेल्या मंगळवारी उज्ज्वलाच्या मुलाला ताप.
दोघीच होत्या. क्षणभरही कुणी रिकामं नव्हतं,
तुम्ही खूश झाला असतात.
रांग जिन्यावरून खाली, झेरॉक्सवाल्याच्या दारात.
टोकन एकोणसाठ, सिंधू पाचारणे, वय बहात्तर, मधुमेह.
ग्लुकोजचं बिस्कीट मुठीत धरून बसल्या होत्या.
"आता खाऊ का हो?" दोनदा विचारलं.
मी दोनदा म्हणालो, झालंच, पुढचा नंबर तुमचाच.
नव्हता.
तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.
बाक करकरला, एवढंच ऐकू आलं.

बऱ्या आहेत. साखर दिली, पाय उशीवर ठेवले.
जाताना मलाच म्हणाल्या,
"तुमची फार धावपळ होते."

ऑक्टोबरच्या तक्त्यात
मी पुन्हा तिन्ही नावं लिहिली आहेत:
नसीम, उज्ज्वला, साळवेबाई.
दहा चाळीसचे ते मोकळे हात
खर्चाच्या कुठल्या रकान्यात घालायचे, ठाऊक नाही.
पेन्सिलनं लिहिलंय, हवं तर खोडा.

फक्त काचेवर टकटक करू नका, सर.
जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजताहेत, सावकाश,
एकेका पायरीवर थांबत,
आणि एक खुर्ची मोकळी आहे.