सैल टाका

बाटली पाण्याची होती. लेबलही पाण्याचंच.
आत कॉस्टिक सोडा होता, रंगासाठी कालवलेला,
आणि दुपार अशी तापलेली
की कुणीही आधी तोंडाला लावली असती
आणि मग पाहिलं असतं.

ऐयानं लावली.
तिसरा मुलगा, म्हणून ऐया.
आम्हा कोनो लोकांत नाव आधीच ठरलेलं असतं,
बाकी काहीच नाही.

फिंदा अंगणात गाठी बांधत होती.
गारा म्हणतात आमच्याकडे त्या कापडाला,
जिथे गाठ तिथे रंग पोचत नाही.
तिनं ओरड ऐकली नाही,
कारण ओरड आलीच नाही.
फक्त लाळ, आणि वर धरलेली हनुवटी.

कोइदूहून फ्रीटाउन, सबंध रात्र गाडीत.
मांडीवर पोर, पोराच्या मुठीत
माझी मोजपट्टी. सोडवेना.

डॉक्टर निकोल म्हणाल्या,
जळणं तर झालं. आता भीती आहे बरं होण्याची.
मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.
त्यांनी पुन्हा सांगितलं:
शरीर घाबरून शिवत सुटतं,
टाक्यावर टाका, टाक्यावर टाका,
नळी आवळत जाते,
शेवटी पेजही उतरत नाही.

मी शिंपी आहे. हे मला कळलं.
फायिया नावाचा पोरगा होता हाताखाली,
मन लावून शिवायचा, फार मन लावून.
दोरा असा ओढायचा
की सदऱ्याचा गळा चुणून जायचा
आणि गिऱ्हाइकाचं डोकं आत शिरत नसे.
मी त्याला एकच गोष्ट वर्षभर सांगत होतो.
सैल धर रे.

पोटाला भोक पाडून नळी बसवली.
तिथून दूध, तिथूनच कण्हेरी.
ऐया वासानं ओळखायचा काय चाललंय,
आणि तोंड हलवायचा, रिकामं.

मग दर पंधरा दिवसांनी गळा रुंद करणं.
सळ्यांवर नंबर असतात, माझ्या सुयांवर असतात तसेच.
सात. आठ. मग परत सात.
स्टेरॉइड देऊन पाहिलं.
उपयोग होतो का, मी विचारलं.
कुणी म्हणतं होतो, कुणी म्हणतं नाही,
डॉक्टर म्हणाल्या, आणि डोळे चुकवले नाहीत.
त्या उत्तरावर मी त्यांच्यावर भरवसा ठेवला.

पाचव्या खेपेला वेगळं औषध आलं.
कॅन्सरवर देतात तेच, पण चिमूटभर.
जांभळं. फिंदाच्या हंड्यातल्या
तिसऱ्या धुण्याच्या पाण्यासारखं.
बोळा भिजवून व्रणावर टेकवायचा,
पाच मिनिटं, घड्याळ लावून,
म्हणजे शिवणाऱ्या पेशी जरा विसरतात
आपण कशासाठी आलो होतो.

मी दाराबाहेर बसून पाच मिनिटं मोजली.
एवढ्या वेळात माझ्या हातून एक काज होतं.
मनातल्या मनात केलं, उसवलं, परत केलं.

त्या औषधाचे पैसे कुठून आले, विचारू नका.
विचारा.
गाऱ्यातून आले. सोड्यातून.
फिंदा अजून रंगवते.
सोडा आता पत्र्याच्या डब्यात, कुलपात,
किल्ली तिच्या गळ्यात,
आणि रात्री कूस बदलली की ती किल्ली
माझ्या पाठीला टोचते.
मी काही म्हणत नाही.
तीही नाही.

काल नऊ नंबर गेला.
संध्याकाळी ऐयानं केळ्याचा घास घेतला,
कुस्करलेला, नखाएवढा.
आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत राहिलो.
शेजारच्या खाटेवरची मामा येईसुद्धा.
घास थांबला.
मग उतरला.
तो म्हणाला, बघू नका ना असं.

पंधरा दिवसांनी पुन्हा जायचंय.
व्रण परत आवळेल की नाही,
जांभळं पाणी किती दिवस लक्षात राहील त्याला,
डॉक्टरांना ठाऊक नाही.
मी त्याच्यासाठी सदरा बेततोय.
गळा दोन बोटं मोठा ठेवलाय.