पांढऱ्या रंगाचा डबा

एलेउतेरिओ चिगुआय रंगाचा डबा घेऊन
दुकानदाराशी भांडून आला, तो मंगळवार होता.
मी केमचीच्या दवाखान्यात पट्ट्या मोजत होते.
"पांढरा मागितला, पिवळा दिला," तो म्हणाला,
"साठ वर्षं होड्या बांधतोय, मला रंग शिकवतो?"
डबा माझ्या टेबलावर आपटला.
मी झाकण काढलं.
आत दुधासारखा पांढरा रंग.

जेवलास का सकाळी?
नाही. आठ दिवस तोंडाला चव नाही,
मासा नको, बटाटासुद्धा नको.
रात्री दिव्याला खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं.
मी मनगट धरलं. एक ठोका.
मग इतका वेळ काहीच नाही
की मी खिडकीबाहेर पाहिलं.

रस्त्याच्या कडेला ती उभी होती,
जांभळ्या घंटा लोंबवत, घशात ठिपके घेऊन,
कुणी न लावता या बेटभर माजलेली.
तिच्याच एका भावंडाच्या पानांतून याची गोळी येते.
हृदयाला सांगते: सावकाश, पण जोर लावून.
सात वर्षं तिनं याला वल्ही मारू दिली.

गोळी तीच होती. हात तोच, वेळ तीच.
बदललं होतं ते पाठीमागे, बरगड्यांखाली,
जिथं कुणी बघायला जात नाही.

कसं सांगावं? म्हटलं, भरती तुला ठाऊक आहे.
ओहोटीला तू होडीचा तळ घासतोस, बायको शिंपले वेचते.
समज, भरती येतच राहिली
आणि ओहोटी लागलीच नाही, तर?
त्यानं मनापासून विचार केला.
"आधी कुंपण जाईल. मग कोंबड्या.
मग रोसाल्बा ओरडेल."
मूत्रपिंडं म्हणजे तुझी ओहोटी, एलेउतेरिओ.
कालची गोळी अजून उठलेली नाही,
परवाचीही बसून आहे,
आणि तू रोज नेमानं, शहाण्या मुलासारखा,
वर आणखी एक.

कास्त्रोला नेलं. रक्त धुणाऱ्या यंत्रावर
माझी भिस्त होती. डॉक्टरीण म्हणाली, त्याचा उपयोग नाही,
औषध रक्तात आहेच किती?
ते मांसात शिरून बसलंय.
निघेल तेव्हा निघेल.
आम्ही थांबलो. त्याची धाकटी पडद्यावरच्या रेघेकडे बघत
मोजा विणत होती,
टाके चुकत होती, उसवत होती.

आता अर्धी गोळी, तीही एक दिवसाआड.
पोलक्याच्या बटणाहून लहान ती चकती
तो फळीवर ठेवतो, जीभ दातांत धरतो,
आणि होडीचा कणा कापावा तशी कापतो.

परवा किनाऱ्यावर भेटला. होडी पाण्यात उतरली होती,
पांढरीशुभ्र.
"दिसते ना नीट?"
"दिसते."
मग बुटानं वाळू उकरत,
"पिवळी होती तेव्हा मात्र, खोटं कशाला बोलू,
सगळ्या किनाऱ्यावर
ऊन पडल्यासारखं असायचं."